अस्मानीचा हप्ता

२६ नोव्हेंबर २०२३. ही तारीख निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांना वेगळी सांगावी लागत नाही. ऑक्टोबर छाटणी उरकून बागा फुलोऱ्यात होत्या, काही ठिकाणी मणी धरण्याच्या बेतात होत्या. रविवारचा दिवस. अवकाळी पाऊस आला आणि पावसासोबत गारा आल्या. गार मोठी पक्षपाती. ती पट्ट्यानं पडते. रस्त्याच्या अलीकडची बाग काड्यांनिशी झोडपली जाते आणि पलीकडच्या बागेत पानही फाटत नाही. दोन्ही बागांना खत तेच, औषधाच्या फवारण्या त्याच, छाटणीची तारीखही एखाद-दोन दिवस मागेपुढे.

मग जो प्रश्न तोंडातून निघतो तो बहुधा जगातला सगळ्यात जुना धार्मिक प्रश्न असावा. माझ्याच वाट्याला का?

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात या प्रश्नाला दोन ठिकाणांहून उत्तर मिळतं. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षं यांवर उभं आहे, म्हणजे निसर्ग लहरीवर येतो तेव्हा सगळ्यात आधी मान टाकणाऱ्या पिकांवर. इथलं पहिलं उत्तर देवघरातून येतं, ‘दैव’. दुसरं विमा कंपनीच्या कागदातून येतं, ‘जोखीम’. ही दोन उत्तरं एकमेकांची वैरी आहेत, असं पुष्कळांना वाटत आलं आहे. दैव मानणाऱ्याला विमा म्हणजे देवावरचा अविश्वास वाटतो आणि विमा विकणाऱ्याला दैव म्हणजे आळशी माणसाची सबब वाटते. दोघांचंही थोडं चुकतं.

परंपरेनं दैवाला किती जागा दिली, ते आधी पाहण्यासारखं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म सिद्धीला जायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. शेतकऱ्याच्या भाषेत जमीन, स्वतः शेतकरी, ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप, हंगामभराचे कष्ट, आणि या सगळ्यानंतर आभाळ. दैव यादीत आहे, पण पाचातलं एक आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात तर हा वाद थेट शेतीच्या दृष्टान्तानं सोडवला आहे. दैव मोठं की पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, असा प्रश्न येतो आणि उत्तर मिळतं की प्रयत्न हे शेत आणि दैव हे बी; दोन्ही एकत्र आल्याशिवाय पीक नाही. प्रयत्नाला बी म्हणण्याचा मोह कुणालाही झाला असता. पण शेत हे दरवर्षी कसावं लागतं, बी मात्र हातात आलेलं असतं, हे त्या उत्तर देणाऱ्याला ठाऊक होतं.

निफाडच्या बागायतदाराला हे ग्रंथ वाचायची गरज पडलेली नाही. थंडीत निफाडचा पारा वारंवार राज्यातला नीचांक गाठतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो दोन अंशांखाली गेला होता. अशा रात्री बागांमधून शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडलं जातं. ज्याला झेपतं तो प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतो. आणि हाच माणूस वणीच्या सप्तशृंगीला नवसही बोलतो. या दोन्ही गोष्टींत त्याला विसंगती दिसत नाही, आणि ती नाहीही.

नवस आणि विमा यांची तुलना मात्र करून पाहावी. नवस काम झाल्यावर फेडायचा असतो. पीक हाती आलं, पैसे झाले, की मग देवीची पायरी. विम्याचा हप्ता आधी भरायचा असतो आणि परतफेड होते ती काम बिघडल्यावर. नवसात देवाचा वाटा नफ्यातून जातो, म्हणून नुकसानीच्या वर्षी देव काही मागत नाही. विमा कंपनी चांगल्या वर्षी काहीही न देता हप्ता ठेवून घेते. शेतकऱ्याच्या रोकडीच्या अंगानं पाहिलं तर नवसाच्या अटी जास्त सोयीच्या आहेत. फरक एवढाच की नवस एकट्याचा असतो. शेजाऱ्याच्या बागेचं काय झालं, याचा तुमच्या नवसाशी संबंध नसतो. विम्याचा असतो, आणि सगळी गोम तिथंच आहे.

विम्याकडे एकट्याचा व्यवहार म्हणून पाहिलं की काय होतं, याचा सगळ्यात प्रामाणिक दाखला महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. १९०२ च्या सुमारास मुंबईत वकिली जमवताना एका गोडबोल्या अमेरिकन एजंटच्या सांगण्यावरून त्यांनी दहा हजार रुपयांचा आयुर्विमा उतरवला. विमा म्हणजे भीती आणि देवावरचा अविश्वास, असं तोवर त्यांचं मत होतं. बायकामुलांचा विचार करून ते बदललं. पुढे दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर पुन्हा उलटलं. मीच इतरांआधी मरेन, हे कशावरून? खरा रक्षणकर्ता परमेश्वर असताना मी कोण? जगातल्या असंख्य गरिबांच्या कुटुंबांचं काय होतं? शिवाय विमा उतरवून आपण पत्नी आणि मुलांचं स्वावलंबन हिरावून घेतलं, असंही त्यांना वाटलं. त्यांनी हप्ते भरणं थांबवलं.

गांधींचा युक्तिवाद भावनिक म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. मीच आधी मरेन कशावरून, हा प्रश्न तर थेट संभाव्यतेचा आहे. पण त्यांनी विमा हा एक माणूस आणि त्याचा मृत्यू यांच्यातला करार मानला. त्या वर्षी हप्ता भरणारे आणि न मेलेले बाकीचे लोक त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हते. ज्या गरिबांची त्यांना काळजी वाटली, त्यांच्यासाठी उपाय असलाच तर तो या बाकीच्यांमध्येच सापडणार होता.

देवावर विश्वास ठेवूनही हे गणित करता येतं, हे स्कॉटलंडच्या पाद्र्यांनी दाखवून दिलं होतं. १७४४ मध्ये रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन धर्मोपदेशकांनी मृत पाद्र्यांच्या विधवा आणि मुलांसाठी निधी उभारला. त्यांनी ठिकठिकाणाहून माहिती मागवली: दरवर्षी किती पाद्री दगावतात, मागे किती विधवा राहतात, किती मुलं. हिशेब तपासायला कॉलिन मॅक्लॉरिन हा गणिती होता. पुढच्या वर्षी कोण मरणार, हे देवाचं गुपित. किती मरणार, हे मात्र जवळजवळ सांगता येतं. बर्नुली यांच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला मोठ्या संख्यांचा नियम त्यांच्या पाठीशी होता: एकेका घटनेचा नेम नसतो, पण घटना पुष्कळ असल्या की त्यांची सरासरी स्थिर होत जाते. ‘कोण’ हा प्रश्न श्रद्धेकडे ठेवायचा आणि ‘किती’ हा हिशेबाकडे द्यायचा, अशी ती वाटणी होती. ती करताना कुणा पाद्र्याची श्रद्धा ढळल्याची नोंद नाही.

शेतीत ही वाटणी इतकी सहज होत नाही. पाद्री एकेकटे मरतात. दुष्काळ सगळ्यांना एकदम गाठतो.

भारतात या अडचणीवर विचार करणारा पहिला ठळक माणूस म्हैसूर संस्थानातला. जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली पुस्तक लिहून सुचवलं की शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसण्याऐवजी पाऊस मोजावा आणि तो ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पडला तर त्या भागातल्या सर्वांना पैसे द्यावेत. योगायोग असा की त्याच वर्षी साताऱ्यात वि. म. दांडेकर जन्मले. भारतातल्या पीक विम्याचे जनक म्हणून पुढे त्यांचंच नाव घेतलं जाऊ लागलं.

दांडेकरांच्या उपायाआधीच एक प्रयोग सुरू झाला होता. १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कपाशीसाठी वैयक्तिक विमा सुरू झाला; नंतर महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत तो गेला. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. न्यायाच्या दृष्टीनं याहून सरळ काही नाही. १९७८ पर्यंत त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ता जमला ४.५४ लाख आणि भरपाई गेली ३७.८८ लाख. ज्याला आपलं पीक जाणार याची खात्री तोच विमा उतरवतो, आणि विमा उतरवल्यावर हात जरा सैल सुटतो. विम्याच्या शास्त्रात या दोन दुखण्यांना प्रतिकूल निवड आणि मॉरल हॅझर्ड अशी नावं आहेत. गीतेनं फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगितलं. विम्याच्या शास्त्रज्ञांना भीती नेमकी याची, की फळाची हमी मिळाली तर माणूस कर्मच सोडेल.

गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडलेला उपाय असा: माणूस मोजूच नका, क्षेत्र मोजा. एका सारख्या हवामानाच्या क्षेत्रातलं सरासरी उत्पन्न घटलं तर तिथल्या प्रत्येक विमाधारकाला सारख्याच प्रमाणात भरपाई. मग कुणी मुद्दाम शेत पडीक टाकलं तरी त्याला दमडी जास्त मिळणार नाही. उलट जो राबेल त्याचं पीकही त्याचंच आणि भरपाईही त्याचीच. १९७९ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशननं याच तत्त्वावर प्रायोगिक योजना काढली. सहा लाख सत्तावीस हजार शेतकरी, हप्ता १.९७ कोटी, भरपाई १.५७ कोटी. योजना तगली. १९८५, १९९९ आणि २०१६ च्या देशव्यापी योजनांचा कणा हाच आहे.

क्षेत्राचं उत्पन्न मोजायचं कसं, तेही एका सातारकराच्या खात्यावर जमा आहे. बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध केली. शेत निवडायचं ते यदृच्छेनं, म्हणजे संख्यांच्या तक्त्यातून जो आकडा निघेल ते. तलाठ्याच्या ओळखीचं नाही, सरपंचाच्या भावकीचं नाही, रस्त्यालगतचं सोयीचंही नाही. यात एक गंमत आहे. माणसाच्या पक्षपातापासून सुटका करून घ्यायला संख्याशास्त्रानं दैवालाच कामाला लावलं. आजही एका महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग करायचे असतात आणि त्या दहा तुकड्यांवर हजारो खातेदारांची भरपाई ठरते.

हिशेब असा. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं, समजा ७० टक्क्यांनी, गुणायचं, की आलं उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी १०० क्विंटल आलं आणि यंदाच्या प्रयोगांत मंडळाची सरासरी ८० निघाली. घट २० टक्के, म्हणून मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के. ज्याचं सगळं गेलं त्यालाही २० टक्के, आणि ज्याच्या ट्रॉल्या भरून गेल्या त्यालाही २० टक्केच. सरासरी १०१ आली तर कुणालाच काही नाही, मग गारेच्या पट्ट्यात सापडलेला माणूस कितीही रडो.

द्राक्षासाठीची हवामानावर आधारित योजना चक्रवर्तींच्या वाटेनं जाते. मंडळात बसवलेल्या स्वयंचलित केंद्रानं पाऊस आणि तापमान नोंदवायचं, आणि आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की भरपाई. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. केंद्र एका जागी, बाग काही किलोमीटर लांब. पाऊस बागेत पडतो आणि केंद्र कोरडं राहतं. केंद्राचा आकडा आणि बागेचं वास्तव यांतल्या या फटीला बेसिस रिस्क म्हणतात. बागायतदार तिला साध्या मराठीत फसवणूक म्हणतो. तो अगदीच चुकत नाही, कारण विमा विकताना ही फट कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

तत्त्वज्ञानाचा खरा पेच इथं आहे. कर्मसिद्धान्ताला प्रत्येकाचं खातं वेगळं लागतं. एकाचं पाप-पुण्य दुसऱ्याच्या नावावर जात नाही. वैयक्तिक विमाही तेच म्हणत होता, आणि बुडाला. क्षेत्राचा विमा उलट बोलतो: गार पडली ती तुझ्या बागेवर नाही, मंडळावर. ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नातलं ‘माझ्याच’ हेच तो नाकारतो. ही गोष्ट एकाच वेळी मोठी दिलाशाची आणि मोठी निष्ठुर आहे, आणि यातलं एक घेऊन दुसरं टाकता येत नाही. दांडेकरांची योजना ज्या गुणामुळे तगली, त्याच गुणामुळे ती गारेच्या पट्ट्यातल्या माणसाला ओळखत नाही.

मराठी भक्तिपरंपरेनं मात्र या पेचातून एक वेगळीच वाट काढलेली दिसते. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली, बिदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायचा हुकूम दिला, आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याची सगळी किंमत भरून पावती घेऊन आला, ही कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. तिच्यातला एक तपशील सहसा ध्यानात घेतला जात नाही. विठ्ठल पाऊस पाडत नाही. दुष्काळ त्यानं टाळलेला नाही, दैवात ढवळाढवळ केलेली नाही. तो बिल चुकतं करतो, आणि पावती मागून घेतो. विम्याच्या परिभाषेत सांगायचं तर दामाजी विमा कंपनी आणि विठ्ठल तिचा पुनर्विमा. कोठारातलं धान्य संपलं की मागे उभं राहणारं कुणीतरी मोठं हवं, हे त्या कथाकाराला कळलं होतं. सगळ्या मुलखावर एकदम आलेली आपत्ती मंडळाची सरासरी पेलू शकत नाही.

दामाजींच्या कोठारात कुणी हप्ता भरला नव्हता, हेही खरं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या खरिपापासून तो प्रयोग जवळजवळ करून पाहिला: शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, बाकीचा वाटा सरकारचा. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. एरवी खरिपाला २ टक्के आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के हप्ताही छोट्या शेतकऱ्याला जड जातो. पण हप्ता हा जोखमीचा भाव असतो. भाव उरला नाही तेव्हा जोखीम नसलेलेही रांगेत उभे राहिले. सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, कांदा न लावलेल्या शेतावर कांद्याचा विमा उतरवलेला कृषी विभागाच्या तपासणीत आढळला. लाखो अर्ज बाद झाले. २०२५ मध्ये योजना गुंडाळली गेली. नुकसान फक्त तिजोरीचं झालं नाही. प्रत्यक्षात नसलेला कांदा मंडळात शिरला की खऱ्या कांद्याच्या मालकाकडेही संशयानं पाहिलं जातं, आणि विश्वासाची ती तूट कोणत्याही कापणी प्रयोगात मोजली जात नाही.

आणि हे सगळं झालं अस्मानीबद्दल. पिंपळगावच्या बाजार समितीत उभं राहिलं तर लोक बोलतात ते सुलतानीबद्दल, म्हणजे भावाबद्दल. जुलै २०२३ मध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभरावर गेला होता. सप्टेंबरात त्याच मालाला तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च सुटेना. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. पीक विमा या नुकसानीला हात लावत नाही, आणि त्याचं कारण लबाडी नाही. भाव पडतो तेव्हा सगळ्यांचा एकदम पडतो. पुष्कळदा तर सगळीकडे पीक चांगलं आलं म्हणूनच पडतो. मोठ्या संख्यांचा नियम इथं काही कामाचा नाही. राहिला सरकारी निर्णयानं पाडलेला भाव. त्याला दैव म्हणणं हे दैवावर अन्याय करणारं आहे, कारण त्या आपत्तीचा कर्ता सही-शिक्क्यानिशी राजपत्रात सापडतो.

खरीप २०२५ पासून राज्यानं सुधारित योजना आणली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर; स्थानिक आपत्तीचा ७२ तासांत दावा करण्याची सोय गेली. म्हणजे माणूस मोजण्याचा जो थोडा भाग नंतर जोडला होता तो काढून निव्वळ दांडेकरी सरासरी उरली, आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर महापूर आला. ऑक्टोबरात सरकारला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. विम्याबाहेर ढकललेली जोखीम तिजोरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

नाशिकच्या द्राक्षांचं त्या वर्षीचं दुखणं वेगळंच होतं. एप्रिल छाटणीनंतर उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होतो. त्याला ऊन लागतं. २०२५ चा मे महिना पावसात गेला, मुंबईत तर शंभरहून अधिक वर्षांतला सगळ्यात ओला मे ठरला, आणि पाऊस पुढे थांबलाच नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागा फुटल्या तेव्हा अनेक वेलींवर पालाच पाला होता आणि घड तुरळक. द्राक्षविम्याचा कालावधी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो. नुकसान झालं तेव्हा पॉलिसी अस्तित्वातच नव्हती, आणि पॉलिसी सुरू झाली तेव्हा नुकसान होऊन गेलेलं होतं. मे-जूनचं संरक्षण पॉलिसीत घ्यायचं तर त्याचा हप्ता मागच्या वर्षांवरून ठरवावा लागेल, आणि असा मे मागच्या वर्षांत जवळजवळ सापडत नाही.